उष्णतेची ने-आण आणि रिमोटवरील आकडा

वातानुकूलन यंत्र खरेदी करताना गिऱ्हाईक त्याचे टनेज, त्याच्या तोंडावर चिकटविलेले तारे आणि त्याची किंमत यांविषयी जेवढ्या कसोशीने चौकशी करते, तिच्या दशांशानेही चौकशी ते यंत्र भिंतीवर चढल्यानंतर कोणत्या रीतीने चालवावे याविषयी करीत नाही. यंत्र बसविणारा मेकॅनिक रिमोट हातात देतो, ‘थंड येतंय ना?’ एवढे विचारून सही घेतो आणि निघून जातो. त्यानंतर ते यंत्र भंगारात जाईपर्यंत त्या घरात रिमोटवरील सगळ्या कळांपैकी तीनच कळा झिजतात : एक चालू-बंद करण्याची, दुसरी आकडा चढविण्याची आणि तिसरी आकडा उतरविण्याची. या आकड्याभोवती मात्र गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाद माजला आहे. सरकारने त्याविषयी अधिसूचना काढल्या, शास्त्रज्ञांनी त्याची मोजदाद केली, कारखानदारांनी तो गिऱ्हाइकाच्या हातून काढून स्वयंचलित व्यवस्थेच्या स्वाधीन करण्याचे प्रयत्न केले, आणि घरोघरी तो पतिपत्नींमधील नित्याच्या कुरबुरीचे कारण झाला. या वादाचा आढावा घेण्यापूर्वी माझे मत सांगून टाकतो : रिमोटवर दिसणारा आकडा ही त्या यंत्राला मिळणाऱ्या आज्ञांपैकी सर्वांत ठळक, परंतु सर्वांत अपुरी आज्ञा होय, हवेचा वेग, हवेतील ओलावा आणि तापमान ज्या जागी मोजले जाते ती जागा, या तिहींची दखल घेतल्यावाचून केवळ आकड्याविषयीचा कोणताही वाद निकालात निघणे शक्य नाही.

हे यंत्र उष्णता एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकते. उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे उष्णता आपोआप जाते. तिला उलट दिशेने न्यावयाचे तर श्रम खर्ची घालावे लागतात, आणि हे श्रम किमानपक्षी किती पडतील याचा हिशेब, सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली वाफेच्या यंत्राविषयी जो विचार मांडला त्यातूनच निघतो. त्या विचाराच्या आधारे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या किताबाने विख्यात झालेला शास्त्रज्ञ, याने १८५२ साली असे प्रतिपादन केले की, घर उबदार करण्यासाठी कोळसा थेट जाळण्याऐवजी त्याच कोळशावर यंत्र चालवून बाहेरच्या थंड हवेतील उष्णता आत ओढून आणली तर इंधन पुष्कळ कमी लागेल, आणि अशाच यंत्राने उष्ण देशांतील इमारती थंडही करता येतील. थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियातील पीटर फॉन रिटिंगर याने एबेन्झे येथील मीठ आटविण्याच्या कारखान्यात हे तत्त्व प्रत्यक्षात आणले, आणि १९३८ च्या सुमारास झुरिकच्या नगरभवनाला लिम्मात नदीच्या पाण्यातून ऊब पुरविणारा हीट पंप बसला. आज आपल्या दुकानांत ‘हॉट अँड कोल्ड’ या नावाने विकला जाणारा एसी आणि नुसता गारवा देणारा एसी यांतील भेद मुख्यतः एका चार तोंडांच्या झडपेचा आहे. ती झडप फिरली की वायूचा प्रवाह उलटतो, आतले वेटोळे तापू लागते आणि बाहेरचे गार पडते.

एक युनिट वीज खर्ची घालून असे यंत्र साधारणतः तीन-चार युनिटे उष्णता वाहून नेते. परंतु हे प्रमाण आत आणि बाहेर यांच्या तापमानांत जितकी तफावत कमी तितके वाढते, व तफावत जितकी अधिक तितके घटते. पुढे ज्या मांडण्यांचा विचार करावयाचा आहे त्या सर्वांच्या मुळाशी हाच एक नियम आहे. तारांकनाचेही तेच. कागदावर छापलेली कार्यक्षमता ज्या प्रमाणित चाचणीतून निघते तीत खोलीचे तापमान २७ अंश सेल्सिअस आणि बाहेरचे ३५ अंश धरलेले असते. भारताचा ‘आयसीअर’ हा हंगामी गुणांक काढताना बाहेरचे तापमान २४ पासून ४३ अंशांपर्यंत बदलते धरून वर्षाकाठी १,६०० तासांचा हिशेब मांडतात. तेव्हा पाच ताऱ्यांचे यंत्र घेऊन ते अठरा अंशांवर चालविणाऱ्या गृहस्थाने ते तारे आपल्या खोलीतले नव्हेत, २७ अंशांच्या खोलीतले आहेत, हे ध्यानी घ्यावयास हवे. विक्रेत्याला हे सांगण्याचे काही कारण नसते, आणि तो सांगतही नाही.

आता आकड्याकडे वळू. उन्हातून घरी आलेला मनुष्य पहिली गोष्ट करतो ती ही की, आकडा सोळावर नेऊन ठेवतो. गॅसच्या शेगडीची कळ फिरविली की आच मोठी होते तद्वत् आकडा उतरविला की गारवा मोठा होईल, अशी त्याची समजूत असते. जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या कंप्रेसरच्या यंत्रात ही समजूत सर्वस्वी निराधार होती, कारण तो कंप्रेसर एकतर पूर्ण ताकदीने चाले किंवा पूर्णपणे थांबे, व आकडा सोळा असो की पंचवीस, तेथपर्यंत पोहोचण्याची त्याची गती एकच असे. १९८० च्या सुमारास जपानात तोशिबाने कंप्रेसरचा वेग कमीअधिक करणारी इन्व्हर्टर पद्धती बाजारात आणली आणि त्या समजुतीला थोडासा आधार मिळाला. कारण इन्व्हर्टर यंत्र इष्ट आणि प्रत्यक्ष तापमानांतील अंतर पाहून आपला वेग ठरविते. तथापि खोली पुरती तापलेली असता पंचवीसचा आकडासुद्धा त्याला भरधाव धावावयास पुरेसा असतो. सोळाच्या आकड्याने पहिल्या पंधरा मिनिटांत फारसे काही साधत नाही, मात्र पुढे तो बदलावयाचा विसर पडला म्हणजे रात्रभर यंत्र एका अप्राप्य ध्येयामागे धावत राहते. कमी वेगाने दीर्घकाळ चालणे हा इन्व्हर्टरचा खरा किफायतशीर व्यवहार. त्याला वारंवार बंद-चालू करणे आणि आकडा सारखा खालीवर करणे म्हणजे त्यासाठी जे जादा पैसे मोजले ते पाण्यात घालणे होय.

शिवाय तो आकडा कोठला? बहुतेक रिमोट फक्त बोलतात, ऐकत नाहीत. अवरक्त किरणांनी ते हुकूम पाठवितात, उलट खबर त्यांच्याकडे येत नाही. म्हणून त्यांच्या पडद्यावरील चोवीस हे खोलीचे तापमान नसून केवळ शेवटच्या फर्मानाची नक्कल असते. खोलीचे तापमान मोजणारा संवेदक बसविलेला असतो यंत्राच्या पोटात, सात-आठ फूट उंचीवर, जेथे यंत्र हवा आत ओढते तेथे; आणि अंथरुणावर निजलेल्या मनुष्याभोवतीची हवा त्या उंचीवरील हवेपेक्षा एक-दोन अंशांनी निराळी असणे अगदी स्वाभाविक आहे. पलंग थेट झोताखाली असेल तर ही तफावत आणखी वाढते. काही यंत्रांत यासाठी रिमोटमध्येच दुसरा संवेदक ठेवण्याची सोय असते. ती कळ दाबल्यावर रिमोट जेथे असेल तेथले तापमान तो दर काही मिनिटांनी यंत्राला कळवितो. सोय उत्तम, पण तो रिमोट उशीखाली किंवा दूरदर्शन संचाच्या उबेत ठेवला की यंत्राची तीच मोठी फसगत होते.

सरकार आणि शास्त्र यांनी या आकड्याविषयी काय म्हटले आहे ते आता पाहू. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने १ जानेवारी २०२० पासून असा दंडक घातला की, तारांकनाच्या कक्षेत येणारा प्रत्येक खोलीचा एसी मुळात २४ अंशांवर मांडलेला असावा. पुढे तो बदलण्याची मुभा गिऱ्हाइकाला आहेच. त्याआधी ब्यूरोने २४ ते २६ अंशांची शिफारस केली होती, आणि आकडा एका अंशाने वाढविला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असा हिशेब दिला होता. हा हिशेब सरासरीचा आहे हे विसरता कामा नये. बाहेर ४४ अंश असता आत २४ ठेवावयाचे तर तफावत वीस अंशांची, आणि त्यातील एक अंश म्हणजे विसावा हिस्सा. बाहेर ३४ असता तोच एक अंश दहावा हिस्सा होतो. खिडकीतून येणारे ऊन, माणसांची व उपकरणांची ऊब आणि ओलावा यांचा बोजा वेगळाच. तरीही दंडकाचे धोरण मला शहाणपणाचे वाटते, कारण बहुसंख्य माणसे मूळची मांडणी बदलण्याच्या फंदात पडत नाहीत, आणि अशा आळसाचा उपयोग कोणी चांगल्या कामासाठी करून घेतला तर तक्रारीला जागा राहत नाही.

जपानने २००५ साली ‘कूल बिझ’ ही मोहीम काढून कचेऱ्यांत उन्हाळ्यात २८ अंश ठेवावे व कोट-टाय उतरवावेत असे सुचविले. हिवाळ्यासाठी त्याच धर्तीवर २० अंश. येथे एक बारीक पण मोलाचा भेद आहे : तेथील पर्यावरण मंत्रालयाच्या खुलाशाप्रमाणे २८ हे खोलीचे तापमान अभिप्रेत आहे, रिमोटवरील आकडा नव्हे. खोली २८ वर राहावी म्हणून एखाद्या कचेरीत आकडा २५ वर ठेवावा लागला तरी मोहिमेचा भंग होत नाही. आपल्याकडील चर्चेत हा भेद कोणी केल्याचे सहसा आढळत नाही, आणि त्यामुळे दोन भिन्न गोष्टींविषयी लोक एकाच आकड्याने भांडत राहतात.

शास्त्रज्ञांचा मार्ग निराळा. डेन्मार्कमधील ओले फँगर याने १९७० साली असे मांडले की, मनुष्याला वाटणारे सुख सहा गोष्टींवर अवलंबून असते : हवेचे तापमान, भोवतालच्या भिंतींचे तापमान, आर्द्रता, हवेचा वेग, अंगावरील वस्त्रे आणि शरीराची हालचाल. रिमोटवरील आकडा यांतल्या एकाच गोष्टीशी निगडित आहे. फँगरच्या समीकरणाने पुष्कळ देशांतील इमारतींचे नियम ठरविले, पण २०१५ साली दोन डच संशोधकांनी असे दाखविले की, त्या नियमांत गृहीत धरलेला शरीराचा उष्मा हा सुमारे चाळीस वर्षांच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचा आहे, आणि स्त्रियांचा उष्मा त्याहून कमी असल्यामुळे कचेऱ्यांत त्यांना थंडी वाजते यात नवल नाही. घरोघरीच्या ज्या कुरबुरीचा वर उल्लेख केला तिला असा शास्त्रीय आधार आहे! आपल्याकडे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला येथील कचेऱ्यांत पाहणी करून भारतीयांसाठी स्वतंत्र प्रतिमान बनविले. त्यातून निघाले ते हे की, बाहेरच्या ऋतूप्रमाणे माणसाची सहनशक्तीही बदलते, आणि पंखे-खिडक्यांची सवय असलेला मनुष्य परदेशी समीकरण समजते त्याहून अधिक उष्ण हवेत समाधानाने काम करतो.

परंतु महाराष्ट्र-गोव्यापुरते बोलावयाचे तर सर्वांत मोठा प्रश्न ओलाव्याचा आहे, आणि याच बाबतीत लोकांचे हाल सर्वांत अधिक होतात. मुंबई, ठाणे, रत्नागिरी किंवा गोव्यात जुलै महिन्यात तापमान फारसे चढलेले नसते, अठ्ठावीस-एकोणतीस अंश असते. पण हवा पाण्याने इतकी जड झालेली असते की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि चादर, गादी, पुस्तके सगळेच सर्दावते. अशा वेळी आकडा सव्वीसवर ठेवला म्हणजे यंत्राला दोन-तीन अंशांचेच काम उरते. ते चटकन उरकून कंप्रेसर मंदावतो, आतले वेटोळे पुरेसे गार राहत नाही, त्यावर दव धरण्याचे थांबते आणि खोली गार पण चिकट अशी एक विचित्र अवस्था प्राप्त होते. गरजेपेक्षा मोठे, दीड टनाच्या जागी दोन टनांचे, यंत्र घेतलेले असेल तर हा दोष अधिकच बळावतो. मग मनुष्य आकडा वीसवर आणतो. कंप्रेसर पुन्हा जोराने चालतो, ओलावा खरोखर कमी होतो, पण त्याबरोबर पांघरूण घ्यावे लागते आणि विजेचे बिल फुगते. औषध अर्धेच बरोबर आहे. रोग उष्म्याचा नसून ओलाव्याचा आहे हे निदान मात्र राहून गेले.

रिमोटवरील पाण्याच्या थेंबाच्या चिन्हाची ‘ड्राय’ ही कळ नेमकी यासाठी असते, आणि माझ्या समजुतीने कोकणपट्टीतील सर्वांत उपेक्षित कळ तीच. तीत पंखा अगदी मंद होतो, हवा थंडगार वेटोळ्यावरून सावकाश जाते आणि आपले पाणी तेथे सोडून पुढे येते. ‘कूल’ पद्धतीतच पंख्याचा वेग कमी ठेवला तरी असाच परिणाम काही अंशी मिळतो. कार्यक्षमता किंचित घटते, पण ओलावा अधिक निघतो. या पाण्याची किंमत लहान नव्हे. एक लिटर बाष्पाचे पाणी करावयाचे तर सुमारे ६८० वॅट-तास इतकी उष्णता यंत्राला बाहेर वाहून न्यावी लागते, आणि दमट रात्री बाहेरच्या नळीतून ताशी लिटर-दीड लिटर पाणी ठिबकणे ही सामान्य गोष्ट आहे. तेव्हा पावसाळ्यात विजेचा मोठा भाग हवेतले पाणी गाळण्यात खर्च होतो, आणि तो वायफळ खर्च नव्हे.

नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे मे महिन्यात सगळा न्यायच उलटतो. बाहेर पंचेचाळीस अंश आणि हवा कोरडी ठणठणीत. तेथे ‘ड्राय’ची कळ दाबणे व्यर्थ, पंखा वेगाने चालवावा, आणि घसा कोरडा पडू नये म्हणून आकडा सव्वीस-सत्तावीसवर ठेवून छताचा पंखा मंद फिरू द्यावा हे उत्तम. छताच्या पंख्याविषयी एक शब्द अधिक सांगणे अवश्य आहे : साध्या पंख्याला सुमारे ७५ वॅट आणि नव्या बीएलडीसी जातीच्या पंख्याला सुमारे ३० वॅट वीज लागते, आणि त्याच्या वाऱ्याने दोन-तीन अंश कमी झाल्याचा भास होतो, एवढ्या स्वस्तात दुसरी कोणतीही मांडणी इतका लाभ देत नाही. एसी लावला की पंखा बंद करावा, ही वहिवाट कोणी घातली कोण जाणे. विदर्भात मात्र एक घोटाळा हमखास दिसतो, तो म्हणजे एकाच खोलीत पाण्याचा कूलर आणि एसी एकत्र चालविणे. कूलर हवेत पाणी मिसळतो, एसी तेच पाणी पुन्हा गाळून बाहेर टाकतो, आणि दोहोंचे बिल मालक भरतो.

बाकीच्या कळांचा निकाल लवकर लावता येईल. ‘स्लीप’ची कळ पहिल्या दोन-एक तासांत आकडा हळूहळू चढविते, पहाटे शरीराचा आणि बाहेरच्या हवेचाही उष्मा उतरलेला असतो, म्हणून ती उपयुक्त आहे. ‘टर्बो’ ही केवळ घाईची सोय. टायमरविषयी वाद नाही. बाहेर जाताना यंत्र बंद करावे की चालू ठेवावे हा प्रश्न पुष्कळ चर्चिला जातो, पण त्याचे उत्तर सरळ आहे : रिकामी खोली जितका वेळ तापलेली राहील तितकी बाहेरची उष्णता आत कमी शिरते, तेव्हा काही तासांसाठी जावयाचे तर बंदच करावे; अर्ध्या तासासाठी बंद करण्याने हाती फारसे लागत नाही.

हीट पंपाची खरी परीक्षा हिवाळ्यात होते, आणि तेथे आपला अनुभव थोडा आहे. दिल्ली-चंदीगडकडे राहणारे अथवा न्यूझीलंड-अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी लोक मात्र तिला दरवर्षी तोंड देतात. पहिली गोष्ट हवेच्या दिशेची : गार हवा जड असल्याने उन्हाळ्यात पाती आडवी ठेवावीत, ऊबदार हवा वर चढते म्हणून हिवाळ्यात ती खाली वळवावीत. दुसरी गोष्ट ‘ऑटो’ या पद्धतीची. ती थंडावा द्यावा की ऊब हे स्वतःच ठरविते, आणि ऋतू बदलण्याच्या सुमारास दुपारच्या उन्हाने खोली किंचित तापली की हिवाळ्यातही थंड हवा सोडू लागते. म्हणून न्यूझीलंडमध्ये हिवाळ्यात ‘हीट’ ही पद्धती स्पष्टपणे निवडावी असाच सल्ला दिला जातो. एकाच बाहेरच्या यंत्रावर तीन-चार खोल्या जोडलेल्या असतील तर साध्या मल्टी-स्प्लिटमध्ये एका खोलीत ऊब आणि दुसरीत गारवा मिळत नाही, आणि दोघांनी उलट हुकूम सोडले तर एकाला मुकाट्याने थांबावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड हवामानातील घरांसाठी किमान १८ अंशांची शिफारस केली, आणि न्यूझीलंडने २०१९ च्या नियमांनी भाड्याच्या घराची मुख्य बैठकीची खोली निदान तितकी तापविणारे साधन घरमालकावर बंधनकारक केले.

तिसरी गोष्ट बर्फाची. बाहेर पाऊणशे-ऐंशी टक्के आर्द्रता आणि तापमान पाच अंशांच्या खाली असता बाहेरच्या वेटोळ्यावर हिम साचते, व ते वितळविण्यासाठी यंत्र अधूनमधून झडप उलटवून काही मिनिटे बाहेरचे वेटोळे तापविते. त्या वेळी आतला पंखा थांबतो आणि बाहेरून वाफ उठताना दिसते. यंत्र बिघडल्याची तक्रार घेऊन नवखे गिऱ्हाईक धावते ते याच प्रसंगी. अमेरिकेतील नळ्यांच्या मोठ्या यंत्रणांत आणखी एक सापळा आहे : कडाक्याच्या थंडीत मदतीला विजेच्या पट्ट्या असतात, आणि त्या एका युनिटात एकच युनिट ऊब देतात. रात्री आकडा पाच-सहा अंशांनी उतरवून पहाटे एकदम चढविला तर थर्मोस्टॅट त्या पट्ट्यांना हाक मारतो आणि रात्रभराची बचत तासाभरात उडून जाते. भट्टीच्या घरात जी काटकसर ठरते ती हीट पंपाच्या घरात उधळपट्टी होते. म्हणून तेथे आकडा स्थिर ठेवणे, आणि अमुक तापमानाच्या वर पट्ट्या चालूच नयेत अशी मर्यादा थर्मोस्टॅटमध्ये घालणे, हेच श्रेयस्कर. त्याच थर्मोस्टॅटात झडपेची तार थंडाव्याच्या वेळी जिवंत असावी की उबेच्या वेळी, हेही सांगावे लागते. ते चुकले तर गारवा मागावा आणि ऊब यावी असा प्रकार घडतो.

ही शेवटची उदाहरणे मुद्दाम दिली, कारण ती यंत्र बसविणाऱ्याच्या अखत्यारीतील मांडण्यांची आहेत. उंचीवरच्या संवेदकाला हिवाळ्यात हवा खरीपेक्षा उबदार वाटते, म्हणून ऊब देताना दोन-तीन अंशांची भर आतल्या आत धरण्याची तजवीज पुष्कळ यंत्रांत असते. वीज जाऊन आल्यावर यंत्राने आपोआप सुरू व्हावे की नाही, हेही तेथेच ठरते. मालकाला यांपैकी एकही गोष्ट रिमोटच्या पडद्यावर दिसत नाही. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी एसीचा आकडा २० ते २८ अंशांच्या हद्दीत बांधून टाकण्याचा विचार जाहीर केला. वीस अंशांच्या खाली जाण्याची गरज घरात क्वचितच पडते, तेव्हा त्या हद्दीला माझा विरोध नाही. पण ज्या यंत्राला आपल्या खोलीची आर्द्रता ठाऊक नाही आणि ज्याचा रिमोट खोलीचे तापमान सांगत नाही, त्याच्या आकड्यावर कुंपण घालून ठाण्याच्या चिकट रात्रीला उत्तर मिळणार नाही. त्यापेक्षा रिमोटवर खोलीचे खरे तापमान व ओलावा दाखविण्याची सक्ती व्हावी, ताशी किती पाणी गाळले जाते हे तारांकनाच्या कागदावर छापले जावे, आणि बसविताना कोणती भर धरली, कोणती झडप कशी जोडली, पंख्याचा कोणता वेग मुक्रर केला हे वॉरंटीच्या कार्डावर, गिऱ्हाइकाला वाचता येईल अशा भाषेत, मेकॅनिकच्या सहीनिशी नमूद करून मिळावे.